अष्ठीला आणि सुई



ह्या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन संस्थेचे चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा फार तर माळव्यातील मराठीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? मी विषय सांगितला आणि ते क्षणभर गप्प झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, समोर बायकाही बसलेल्या असतील." मी म्हटले, "म्हणूनच." रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या पुरुषाच्या घरात झोप एकट्याचीच मोडत नाही, हे समोर बसलेल्या अनेक भगिनींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

मी वैद्य नव्हे. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागते ते प्रबंधामुळे, आणि लघवी अडलेल्या माणसाला त्या डॉक्टरकीचा उपयोग शून्य. तथापि चाळीस वर्षे मी एक धंदा इमानाने केला. कागदावर लिहिलेल्या विधानाला पुरावा काय, आणि त्यातील शब्द नेमका काय सांगतो, हे तपासण्याचा तो धंदा. आजच्या विषयात तो कामी येईल असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी आम्हांला आठवीत विज्ञान शिकवीत. खत घातलेल्या कुंडीशेजारी ते खत न घातलेली कुंडी ठेवीत. परीक्षानळीत काही घातले, तर शेजारी नुसत्या पाण्याची दुसरी परीक्षानळी उभी करीत. "दुसरी नळी कुठे आहे?" हा त्यांचा प्रश्न आमच्यापैकी पुष्कळांच्या कानांत अजून असेल. मी पुढे जे सांगणार आहे ते सारे ह्या दुसऱ्या नळीविषयी आहे.

विषयाला निमित्त असे घडले. आमच्याच वर्गातील एक मित्र काही कागद घेऊन माझ्याकडे आला. परदेशातील मुलाने त्याला माहिती पाठविली होती की, वाढलेल्या प्रोस्टेटवर एक इंजेक्शन निघत आहे. एकदाच टोचावयाचे, वीस मिनिटांत घरी जावयाचे. ना गोळ्या, ना चिरफाड. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगून दोन वर्षे झाली होती. हा त्या सुईची वाट पाहात बसला होता, आणि दरम्यान मूत्राशय कधीच पुरते रिकामे न झाल्यामुळे त्याचा ताण मूत्रपिंडांवर येऊ लागला होता. "तू वाचून सांग, ही सुई कधी येणार?" असे तो म्हणाला. मी वाचीत गेलो. त्या वाचनाचा हा वृत्तान्त.

आधी नावाचा प्रश्न. ह्या ग्रंथीला मराठीत किमान तीन नावे आहेत. 'पुरःस्थ ग्रंथी' हे मूळ ग्रीक शब्दाचे सरळ भाषांतर. पुढे उभी असलेली, असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रे 'पौरुषग्रंथी' लिहितात, आणि हे नाव मला घातक वाटते. ज्या ग्रंथीच्या नावातच पौरुष घातले, तिच्या तक्रारीची वाच्यता कोणता पुरुष करील? तिसरे नाव 'अष्ठीला', जे मराठी विश्वकोशाने पत्करले. अष्ठीला म्हणजे वाटोळा घट्ट दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'वाताष्ठीला' हा एक आहे. गुद आणि बस्ती ह्यांच्या दरम्यान दगडासारखी उंच, घट्ट गाठ होऊन मूत्र अडते, असे त्याचे वर्णन आहे. मूत्रमार्गातून औषध आत पोहोचविण्याची उत्तरबस्तीही तेथे आहे. ह्यावरून आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणण्याची घाई कृपया कोणी करू नये. अडलेल्या जागीच औषध नेऊन सोडावे, ही इच्छा फार जुनी आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. मी आज 'अष्ठीला' हाच शब्द वापरणार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे वीस ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. चाळिशीनंतर तिचा आतला, मार्गालगतचा भाग हळूहळू वाढू लागतो. ही वाढ कर्करोग नव्हे. मात्र कर्करोग त्याच ग्रंथीत वेगळा होऊ शकतो, म्हणून तपासणी टाळू नये. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांत ही वाढ आढळते. सर्वांनाच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांची लक्षणे आपणांस माहीत आहेत : धार बारीक होते, सुरू व्हावयास वेळ लागतो, मध्येच तुटते, झाल्यावरही उरल्यासारखे वाटते, रात्री उठावे लागते. आणि एखाद्या दिवशी मार्ग पूर्ण बंद होतो.

आमच्या वडिलांच्या बाबतीत ते १९७२ साली घडले. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. थंडीची रात्र होती. नाना मोरीत गेले ते पहाटेपर्यंत आतबाहेर करीत राहिले. आईने दोनदा विचारले. "काही नाही, झोप," असे उत्तर मिळाले. पोट ढोलासारखे ताणलेले, कपाळावर घाम, आणि तरी त्या स्वाभिमानी कारकुनाच्या तोंडून शब्द निघेना. सकाळी डॉक्टरांनी रबरी नळी घातली तेव्हा नाना लहान मुलासारखे रडले. वेदना थांबली म्हणून ते रडले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पुढे पोट चिरून ग्रंथी काढली. त्यानंतर ते बारा वर्षे जगले; त्या रात्रीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. आपल्या भाषेने ह्या देहधर्माला 'लघुशंका' असे नाजूक नाव दिले आहे. ती शंका नानांनी कोणालाच विचारली नव्हती.

नानांवर झालेल्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हिंदुस्थानचा एक धागा आहे. ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी बोटाने सोडवून काढण्याची पद्धत १९०१ मध्ये लंडनमध्ये पीटर फ्रायर ह्यांनी प्रसिद्धीस आणली; ते त्याआधी वीस वर्षे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये ह्या देशात होते, आणि मूतखडे फोडून काढण्यात त्यांचा हात बसला होता. त्याच विद्येत आपल्या इंदूरचे रेसिडेन्सी सर्जन कीगन ह्यांचे नाव गाजलेले होते. लहान मुलांतील खडे न चिरता फोडून काढण्यावरचे त्यांचे पुस्तक १८८७ मध्ये निघाले. फ्रायर ह्यांच्या आधी काय चालत असे? १८९५ मध्ये अमेरिकेतील विल्यम व्हाइट ह्यांनी अष्ठीलावृद्धीसाठी वृषण काढून टाकलेल्या एकशे अकरा रुग्णांची हकीकत छापली, आणि सुमारे सत्त्याऐंशी टक्क्यांत ग्रंथी आकसल्याचे नमूद केले. आकडा मोठा आहे. शेजारी दुसरी नळी मात्र नाही.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या ग्रंथीतील स्नायू सैल करतात. काहींना उठताना चक्कर येते. फिनास्टेराइड, ज्याला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली, ग्रंथीला सुमारे एक-चतुर्थांशाने लहान करते, पण त्याला सहा महिने ते वर्ष लागते, आणि काहींच्या कामजीवनावर त्याचा परिणाम होतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी कोरून काढण्याची शस्त्रक्रिया खात्रीची आहे. तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो, वीर्य उलटे मूत्राशयात जाऊ लागते. म्हणजे एका बाजूला आयुष्यभराच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियेचे टेबल. ह्या दोहोंमध्ये जी मोकळी जागा आहे तिच्यातच सुईची आशा रुजली. ग्रंथी गुदाशयाला लागून, बोटाला लागेल इतक्या जवळ आहे. मग रक्तातून फिरवून औषध कशाला पाठवावयाचे? थेट टोचावे. विचार सयुक्तिक आहे, आणि त्यामागे लागलेले लोक भोंदू नव्हते.

१९६६ मध्ये तलवार आणि पांडे ह्या दोन भारतीय शल्यविशारदांनी ब्रिटनच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात एकशे अठ्ठ्याऐंशी रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कार्बोलिक आम्ल, तीव्र ॲसेटिक आम्ल आणि ग्लिसरीन पाण्यात मिसळून त्यांनी ते मिश्रण वृषण व गुदद्वार ह्यांमधल्या भागातून ग्रंथीत टोचले. ज्या देशात वृद्ध रुग्णाला भूल देणेच जोखमीचे होते आणि रक्त मिळणे दुर्लभ होते, तेथे ही खटपट किती कळकळीची असेल ह्याची कल्पना करावी. इंग्लंडात १९६९ मध्ये एंजेल ह्यांनी फिनॉल टोचण्याचा अनुभव लिहिला. जपानात १९९९ मध्ये गोया आणि सहकाऱ्यांनी मूत्रमार्गातून निर्जल अल्कोहोल टोचून पाहिले. ह्या सर्वांची तऱ्हा एकच : पेशी जाळावयाच्या, म्हणजे गाठ आकसेल. अडचणही एकच. ग्रंथी म्हणजे एकसारखा स्पंज नव्हे. टोचलेला द्रव वाट फुटेल तिकडे जातो. कोठे पोहोचत नाही, कोठे नको तेथे पोहोचतो. अल्कोहोल मूत्राशयाच्या भिंतीत झिरपून तेथे इजा झाल्याचीही उदाहरणे पुढे नोंदली गेली.

त्यानंतर आले बोटुलिनम. हे एका जंतूचे विष; ज्याच्या सूक्ष्म मात्रेने सिनेनट्या कपाळावरच्या सुरकुत्या घालवितात तेच. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा निरोप ते तोडते. रोममध्ये मारिया आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तीस पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ह्यांनी दुसरी नळी ठेवली होती : निम्म्यांना विष, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. दोन महिन्यांनी औषधवाल्यांच्या तक्रारींचा आकडा पासष्ट टक्क्यांनी उतरला. पाणीवाल्यांत म्हणण्यासारखा फरक नाही. जगभर एकच उत्साह पसरला.

येथे तक्रारींचा 'आकडा' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. रुग्णाला सात प्रश्न विचारतात : रिकामे झाल्यासारखे वाटते का, धार बारीक आहे का, रात्री किती वेळा उठता, इत्यादी. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत सौम्य, वीसच्या पुढे तीव्र. म्हणजे ही रुग्णाची साक्ष आहे, तराजूचे माप नव्हे. ही साक्ष सुमारे तीन गुणांनी तरी सुधारली, तर रुग्णाला थोडे बरे वाटल्याचे जाणवते, असे ही प्रश्नावली तयार करणाऱ्यांनीच तपासून ठरविले आहे. तीन हा आकडा कृपया ध्यानात ठेवावा.

आता बोटुलिनमचे पुढे काय झाले? तीस पुरुषांच्या जागी सुमारे पावणेचारशे पुरुष घेऊन, अनेक केंद्रांवर, तीन निरनिराळ्या मात्रा आणि चौथी कोरी सुई, अशी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. कोणाला काय टोचले हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. बारा आठवड्यांनी सगळेच सुधारले होते. औषधवाले सुधारले, आणि मिठाचे पाणी टोचलेलेही जवळजवळ तितकेच सुधारले. दुसरी मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचेही तेच. रोमच्या तीस माणसांत दिसलेली दरी मोठ्या संख्येत बुजून गेली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मिठाच्या पाण्याने माणसाची धार सुधारते? माझ्या मित्राचा पहिला उद्गार होता, "म्हणजे ते लोक खोटे बोलत होते." मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. ह्या व्याधीला भरती-ओहोटी असते. माणूस चाचणीला जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर. शिगेवरून काही न करताही तो थोडा उतरतोच. तेथे त्याची विचारपूस होते, दर महिन्याला कोणी तरी त्याचे बोलणे ऐकून लिहून घेते. नानांचे तसे कोणी कधी ऐकले नव्हते. तो रात्रीचा चहा कमी करतो, झोपण्यापूर्वी पाणी पिणे सोडतो. आणि सुई ही गोळीपेक्षा गंभीर गोष्ट आहे. जागेवर टोचली, दुखले, म्हणजे काही तरी झालेच असणार, असे मन म्हणते. कोऱ्या औषधाला वैद्यकात 'प्लासीबो' म्हणतात. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी संतोष देईन'. त्या माणसांना मिळालेला संतोष खराच होता. तो सुईतल्या औषधाने दिला की सुईने, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्या माणसाला स्वतःला देता येत नाही. कोणालाच देता येत नाही. दुसऱ्या नळीची गरज आहे ती एवढ्यासाठी.

ह्या साऱ्यांत बुद्धीला सर्वांत भुरळ घालणारा प्रयोग म्हणजे पीआरएक्स-३०२, उर्फ टॉप्सालायसिन. पाण्यात राहणारा एरोमोनास नावाचा जंतू एक विष तयार करतो, जे पेशींच्या आवरणाला भोके पाडते. जंतू ते निष्क्रिय रूपात सोडतो. त्याचे एक टोक छाटले गेले की ते जागे होते. शास्त्रज्ञांनी ते टोक बदलून असे केले की, अष्ठीलेत तयार होणारे पीएसए नावाचे पाचक द्रव्यच ते छाटू शकेल. हे पीएसए रक्तात गेले की इतर द्रव्यांना जखडले जाते व निष्प्रभ होते. म्हणजे औषध ग्रंथीत जागे होणार, बाहेर गेले तर निजलेलेच राहणार. जुन्या आम्लांची आणि अल्कोहोलची जी अडचण होती तिच्यावर हा तोडगा होता, आणि मी शास्त्रज्ञ नसूनही त्या कल्पकतेला मनोमन दाद दिली.

चारशे एकोणऐंशी पुरुषांवरील चाचणीचे फळ नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. वर्षभरात औषधवाल्यांचा आकडा सरासरी ७.६ गुणांनी उतरला. कोऱ्या सुईवाल्यांचा ६.६ गुणांनी. फरक एका गुणाचा. कंपनीने कळविले की हा फरक 'सिग्निफिकंट' आहे, आणि संख्याशास्त्राच्या परिभाषेत ते खरे होते.

भाषेचा माणूस म्हणून मी येथे थांबतो. आपण ह्या शब्दाचे भाषांतर 'लक्षणीय' असे करतो. मराठीत लक्षणीय म्हणजे लक्षात येण्याजोगे, डोळ्यांत भरणारे. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की, औषध निरुपयोगी असते तर निव्वळ योगायोगाने इतका फरक पडण्याचा संभव ठरावीक मर्यादेहून कमी होता. तो फरक रुग्णाच्या लक्षात येईल की नाही, ह्याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. जाणवावयास तीन गुण लागतात. येथे कोऱ्या सुईहून जास्त मिळाला एक. बातमी वाचणाऱ्या वृद्धाला मात्र 'लक्षणीय' एवढेच दिसते, आणि तो शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलतो. ह्याला कोणी 'परिभाषेची किरकोळ बाब' म्हणू नये. ते औषध अष्ठीलावृद्धीसाठी बाजारात आले नाही.

माझ्या मित्राच्या कागदांत जे होते ते दुसरेच : एनएक्स-१२०७, नंतरचे नाव फेक्सापोटाइड. मूळच्या कॅनडातील नायमॉक्स कंपनीचे हे औषध. अडीच मिलिग्रॅमची एकच मात्रा, गुदाशयाच्या भिंतीतून टोचावयाची. ग्रंथीतील पेशी त्याने आपोआप मरू लागतात असा सिद्धान्त. आधीच्या लहान चाचण्या आशादायक होत्या. २००९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. मिळून सुमारे एक हजार पुरुष. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की दोन्ही चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट साधले नाही. कोऱ्या सुईला मागे टाकता आले नाही. कथा येथे संपावयास हवी होती. तशी ती संपली नाही. त्याच पुरुषांचा पुढे काही वर्षे पाठपुरावा केला गेला, आणि दीर्घ मुदतीत लाभ दिसतो असे प्रतिपादन करणारा लेख २०१८ मध्ये आला. मार्च २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे अर्ज केला. दोनच महिन्यांत प्रशासनाने तो विचारार्थ दाखल करून घेण्यासच नकार दिला. मित्राच्या कागदांवर त्या लेखाचा हवाला होता, नकाराचा नव्हता.

माझे मत स्पष्ट सांगतो. आपण परीक्षेला बसलेल्या मुलाला उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर प्रश्न निवडू देत नाही. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट आधी लिहून ठेवावयाचे, ते एवढ्याचसाठी. बारा महिन्यांनी काय मोजू हे ठरविले, ते जमले नाही, म्हणून चार वर्षांनी दुसरे काही मोजले, तर त्यातून नवी शंका घेता येते, नवी चाचणी आखता येते. जुन्या नापास चाचणीचे गुण वाढविता येत नाहीत.

टोचण्याचे आणखीही प्रयोग झाले. दंडात वा कमरेत टोचून संप्रेरके दाबणारे सेट्रोरेलिक्स २००९ मध्ये मोठ्या चाचणीत कोऱ्या सुईपुढे टिकले नाही. त्याच्या तपशिलात मी जात नाही. कथानक तेच आहे.

मग सुईला यश आलेच नाही काय? आले, आणि ते मला मोठे गमतीचे वाटते. २०१५ मध्ये अमेरिकेत एका उपकरणाला मान्यता मिळाली, त्याचे नाव रेझूम. मूत्रमार्गातून नळी घालून तिच्यातील बारीक सुईने ग्रंथीत औषध सोडीत नाहीत. पाण्याची वाफ सोडतात. एका वेळी नऊ सेकंद. वाफ पेशींमध्ये पसरते, थंड होऊन पाणी होते, आणि आपली उष्णता तेथे सोडून देते. पुढे काही आठवड्यांत त्या पेशी शरीर शोषून घेते. चहाचे आधण ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जबर असतो हे ठाऊक आहे, तत्त्व तेच. एकशे सत्त्याण्णव पुरुषांच्या चाचणीत दुसरी नळी अशी होती : तितकीच जाड दुर्बीण आत घातली, यंत्राचे आवाजही ऐकविले, वाफ मात्र सोडली नाही. तीन महिन्यांनी नुसते आवाज ऐकलेल्यांचा आकडा ४.३ गुणांनी उतरला, वाफ दिलेल्यांचा ११.२ गुणांनी. अंतर जवळजवळ सात गुणांचे. असे अंतर दिसले म्हणजे परिभाषेची गरज पडत नाही. ते रुग्णाला रात्री कळते. प्रत्येकाला हा उपाय चालेल असे नाही. ग्रंथीचा आकार, वय, इतर आजार ह्यांवर ते अवलंबून आहे, आणि त्याचा निर्णय मूत्ररोगतज्ज्ञाने करावयाचा आहे.

श्रोतेहो, प्रयोगांची ही गोष्ट इंदूरकरांनी परदेशाची म्हणून ऐकू नये. आपल्या शहरात औषधचाचण्यांवरून २०१० नंतरच्या वर्षांत केवढा गदारोळ झाला हे आपण जाणता. आपण काय टोचून घेत आहोत हेच न कळता चाचणीत सामील केले गेल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. येथील स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे निर्देश दिले. २०१९ मध्ये नव्या औषधांचे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम आले. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद २००९ पासून सक्तीची आहे. म्हणजे संमतीपत्रातील एकेक वाक्य समजावून मागण्याचा अधिकार ह्या गावच्या माणसांनी भांडून मिळवून दिला आहे. आणि ते वाक्य मराठीत वा हिंदीत, आपल्याला कळेल असे हवे. 'यादृच्छिक छद्मौषध-नियंत्रित' असले वाक्य लिहून सही घेणे म्हणजे न सांगण्यासारखेच. "तुम्हांला औषध मिळेल किंवा नुसते पाणी, कोणते ते तुम्हांला किंवा तुमच्या डॉक्टरांना कळणार नाही," असे लिहावयास काय हरकत आहे?

चाचणीत भाग घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्या चारशे एकोणऐंशी आणि एक हजार पुरुषांनी आपला देह पुढे केला, त्यांच्यामुळेच कोणती सुई व्यर्थ आहे हे आज आपल्याला कळते. माझ्या मित्राला मी चार प्रश्न लिहून दिले होते. ह्या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? कोरी सुई कोणाला देणार आहेत? मला अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? आणि चाचणी चालू असताना माझी लघवी अडली, किंवा मूत्रपिंड बिघडू लागले, तर थांबून उपचार कोण सुरू करणार? प्रयोगाच्या औषधाचे पैसे कोणी मागितले, तर पाचव्या प्रश्नाची गरज नाही. तेथून उठून यावे.

त्याने ते प्रश्न कोणाला विचारले नाहीत. विचारण्यासाठी चाचणीच नव्हती. तो कागद खिशात घालून गेला, आठ दिवसांनी पत्नीला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेला, आणि गेल्या पौषात त्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. त्याच्या परवानगीने हे सांगत आहे. तो आज सभागृहात आहे. कोठे बसला आहे ते सांगण्याची परवानगी त्याने दिलेली नाही.

संस्थेच्या चिटणिसांनी आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी असलेल्या एका मूत्ररोगतज्ज्ञांना आज अगत्याने बोलाविले आहे, आणि व्याख्यानानंतर ते अर्धा तास थांबणार आहेत. शरीरासंबंधीचे प्रश्न त्यांना विचारावेत. ज्यांना उभे राहून विचारणे अवघड वाटेल त्यांच्यासाठी दाराशी कोरे कागद आणि पेटी ठेवली आहे. शब्दांसंबंधी काही शंका असल्यास मी आहेच.